दोनाचे आठ दिवस

मित्रांनो, शिलाई मशीनच्या खणात, मोजपट्टीच्या गुंडाळीशेजारी पडून असलेला मी एक जुना मोबाइल आहे. माझी काच तडकली आहे, पण कान शाबूत आहेत.

माझी मालकीण शिवणकाम करायची. गिऱ्हाइकं तिच्या शब्दावर डोळे झाकून कापड टाकून जायची. नवरा समोर बसून काजं-बटणं करायचा. मी दोघांच्या मध्ये, खडूच्या भुकटीने माखलेला.

मग साथ आली, पाठोपाठ लस आली. शेजारीण टोचून आली आणि म्हणाली, दोन दिवस हात जड होता. मालकीण आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली. त्या हातावर घर चालत होतं. मग तिने मला उचललं आणि धाकट्या बहिणीला निरोप बोलून पाठवला, "थांब गं जरा. आमच्या शेजारणीचा हात आठ दिवस उचलला नाही. आधी लोकांना घेऊ दे."

दोनाचे आठ झालेले मी ऐकले. नवऱ्यानेही ऐकले. तो गालात हसला आणि पुढचं काज घेतलं. मी निमूट निरोप पोचवला.

थांबता थांबता साथीने तिलाच गाठलं. अकराव्या दिवशी दवाखान्यातून मी एकटाच पिशवीत घरी आलो.

महिन्याभराने, भर दुपारी, मी वाजलो. अनोळखी नंबर होता. नवऱ्याने बटण दाबलं आणि खोलीत ती बोलली, "थांब गं जरा." तिच्या आवाजामागे मशीन चालत होतं. खोलीतलं मशीन तर चादरीखाली झाकलेलं होतं. त्याच्या हातातली सुई पडली.

धाकटीने पुढे पाठवलेला तो जुना निरोप कुठे कुठे हिंडून परत आला होता. पुढच्या आठवड्यात तो दुसऱ्या नंबरवरून आला. मग तिसऱ्या.

धाकटी अजून थांबलेलीच होती. नवरा मला खिशात घालून तिच्याकडे गेला. ती म्हणाली, "भाऊजी, ताई माझ्याशी कधी खोटं बोलली का?"

त्याने मला खिशातून काढून तिच्यापुढे ठेवलं. मग म्हणाला, "दोनच दिवस होते. तुझ्या काळजीने तिने वाढवले. मी समोर बसून हसलो गं."

दुसऱ्या दिवशी धाकटीने लस घेतली. तिचा हात दोन दिवस जड होता.

मित्रांनो, माझ्यातून तो निरोप कधीच पुसला आहे. तरी ती अधूनमधून येते, मशीन चालवत. दर वेळी तो चष्मा लावतो आणि पाठवणाऱ्याला लिहितो, 'ही माझी बायको. दोनच दिवस होते. ती आता नाही.'

काहीही पुढे पाठवण्याआधी एकदा विचारा, नक्की किती दिवस? मला विचारता आलं नाही. समोर बसलेल्याला येतं.