मागच्या चाकांचे ब्रेक

"भाभीजी, जरा हथौड़ी देना. ये ऐसे नहीं मानेगी."

ढिल्लोंसाहेब गाडीच्या मागच्या चाकापाशी फतकल मारून बसले होते. चाक काढून भिंतीला टेकवलं होतं, ब्रेकची डिस्क चिमटीत धरणाऱ्या कॅलिपरचे दोन्ही बोल्टही निघाले होते, तरी तो कॅलिपर डिस्कला असा चिकटून बसला होता की सुटायचं नाव घेत नव्हता. शशिकलाबाईंनी हातोडी पुढे केली खरी, पण त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. कुठून ही अवदसा आठवली आपल्याला, असं त्यांना वाटायला लागलं होतं.

ढिल्लोंसाहेब म्हणजे त्यांचे पंजाबी घरमालक. मनीमाजऱ्याच्या त्या गल्लीत ते वर राहायचे आणि खाली शशिकलाबाई नि श्यामकांतराव. माणूस लाखमोलाचा. उत्साह उदंड, वेळ भरपूर, यंत्रांचं ज्ञान मात्र गावाकडच्या ट्रॅक्टरपुरतं. मोटर मार्केटमधून नवे पॅड आणि डिस्क त्यांनीच शोधून आणल्या होत्या. जॅक आणि स्टँडही त्यांचेच.

श्यामकांतराव चार हातांवर उन्हात खुर्ची टाकून बसले होते. कानाला मफलर, मांडीवर निपचित पडलेला उजवा हात. सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत ते स्टोअर्स ऑफिसर होते. डेहराडून झालं, हैदराबाद झालं, प्रत्येक बदलीच्या गावी रविवारी सकाळी शशिकलाबाईंना नवऱ्याचे फक्त पाय दिसायचे. बाकीचा माणूस गाडीखाली असायचा. मेकॅनिककडे गाडी न्यायची म्हणजे त्यांना कमीपणा वाटे. मग गेल्या वर्षी झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलण्यातली नावं पुसली गेली. मनात वस्तू असे, तोंडात तिचा शब्द नसे. "तो... तो..." करून ते थांबत, आणि मग तोही प्रयत्न सोडून देत.

अठ्ठावन्नाव्या वर्षी शशिकलाबाई गाडी शिकल्या. व्यायामासाठी श्यामकांतरावांना हॉस्पिटलात नेणार कोण? पहिल्या दिवशी श्यामकांतराव काठी टेकत गाडीपाशी आले, स्टिअरिंगवर बसलेल्या बायकोकडे पाहिलं, आणि मागचं दार उघडून मागे बसले. तेव्हापासून ते मागेच. सिग्नलला शेजारच्या गाडीतली माणसं ही साठीला आलेली ड्रायव्हरीण आणि मागचे साहेब पाहून गालातल्या गालात हसत. हसेनात बापडी! शशिकलाबाईंना लागायचं ते आरशात दिसणारं तोंड. खिडकीकडे वळलेलं, कशातच नसलेलं. हॉस्पिटलानं नवरा घरी पाठवला होता, पण तो अजून पोचला नव्हता. तो एकदा पुढे येऊन आपल्याशेजारी बसावा, चुका काढाव्यात, ओरडावं, एवढंच त्यांना हवं होतं.

आणि मागच्या आठवड्यात ब्रेक किंचाळायला लागले. सेक्टर सव्वीसच्या वळणावर त्यांनी पाय दाबला आणि मागून असा चिरका आवाज आला की त्या दचकल्याच. मागून डाव्या हाताची थाप सीटवर बसली.

"पॅड!"

न अडखळता. स्वच्छ. शशिकलाबाईंनी गाडी कडेला घेतली आणि मागे वळून पाहतच राहिल्या. कित्येक महिन्यांत त्या तोंडून वस्तूचं नाव आलं नव्हतं.

मुलगा निखिल फोनवर म्हणाला, "आई, सरळ वर्कशॉपला टाक ना गाडी." त्या टाकणारही होत्या. पण श्यामकांतरावांनी मान हलवली. "घरी," म्हणाले. झालं! त्या एका शब्दाखातर आज गल्लीत हा पसारा मांडला होता.

ढिल्लोंसाहेबांनी हातोडी उगारली.

"अं! अं!" खुर्चीतून आवाज आला. श्यामकांतराव डावा हात जोरजोरात हलवत होते. "नको! तो... वरचा... तो ओढलेला..."

"काय ओढलेलं, अहो? सावकाश सांगा."

"तो गं! आपला... तो..." शब्द सापडेना. चेहरा लाल झाला. नेहमीप्रमाणे आता ते मान खाली घालतील, म्हणून शशिकलाबाई पुढे झाल्या. पण त्यांनी मान खाली घातली नाही. काठी ओढली, उठले, गाडीला धरत धरत पुढे गेले आणि ड्रायव्हरचं दार उघडून आत बसले. वर्षभरानं पहिल्यांदा. डावा हात खाली गेला, कट्‌ असा आवाज झाला, आणि इकडे ढिल्लोंसाहेबांच्या हातात कॅलिपर अलगद निघून आला.

"ओ तेरी! हैंडब्रेक!"

शशिकलाबाईंनी कपाळावर हात मारला. गाडी थांबली की आधी हँडब्रेक ओढायचा, हे तीस वर्षं नवऱ्याशेजारी बसून त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की आज सकाळीही त्यांनी तो इमानेइतबारे करकचून ओढला होता. आणि तो मागच्याच डिस्कला आवळून धरतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"तुमचंच शिक्षण हे!" त्या म्हणाल्या. "माझ्याकडे काय बघता?"

श्यामकांतरावांच्या ओठाचा एक कोपरा हलला.

त्यानंतर काम सरसर झालं. श्यामकांतराव खुर्ची ओढून चाकापाशीच आले. ढिल्लोंसाहेब कॅलिपरमधला पिस्टन ताकदीनं आत दाबायला गेले, तेव्हा यांनी हवेत बोट गोल फिरवलं. मागच्या ब्रेकचा पिस्टन दाबून जात नाही, फिरवत फिरवत आत न्यावा लागतो. जुनी डिस्क उतरली, तिच्यावर बोट अडकेल एवढे चरे पडले होते. नवी पुसून बसवली. ढिल्लोंसाहेब हात धुवायला नळावर गेले आणि शशिकलाबाई लगबगीनं घरात जाऊन करंडा घेऊन आल्या. नवी वस्तू म्हटली की कुंकू हवं. कोरडं कुंकू त्या गुळगुळीत लोखंडावर ठरेना, म्हणून त्यांनी ते तेलात कालवलं आणि डिस्कवर पाच बोटं उमटवली. वर डोळे मिटून हातही जोडले.

डोळे उघडले तर श्यामकांतराव हसत होते. आवाज न करता, खांदे गदगदा हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अगं... तेल!" ते म्हणाले. "ब्रेकला... तेल! मग... थांबेल कशी?"

शशिकलाबाई क्षणभर बघत राहिल्या. मग त्याही हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. पदर तोंडाला लावून त्या डिस्कपाशी बसून राहिल्या. हेच ते. हाच तो माणूस, त्यांच्या चुका काढणारा. कुणाकुणाचे आभार मानावेत त्यांना कळेना: ढिल्लोंसाहेबांचे, देवाचे, की झिजून झिजून किंचाळलेल्या त्या पॅडांचे!

"क्या हुआ जी?" ढिल्लोंसाहेब धावत आले. डिस्क पाहिली आणि क्लीनरची बाटली उचलली. "कोई बात नहीं भाभीजी. रब का टीका टायर पे लगा दो."

दुसऱ्या बाजूचंही उरकलं. चाकं चढली, गाडी खाली उतरली. आता राहिलं होतं ब्रेकला दाब आणणं. ढिल्लोंसाहेब आत शिरणार तोच श्यामकांतरावांनी हात आडवा केला. पुन्हा ड्रायव्हरच्या सीटवर बसले. डाव्या पायानं ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. आधी पाय भसकन खाली जात होता, मग हळूहळू घट्ट लागायला लागला. मग डाव्या हातानं हँडब्रेक ओढला, सोडला, ओढला. ती दोन कामं त्यांच्या चांगल्या बाजूला होती आणि ती त्यांनी मनापासून, कुठलीही घाई न करता केली.

काम संपलं तरी ते उतरले नाहीत. डावा हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसले. उजवा हात त्यांनी उचलून पाहिला. तो थोडा वर आला आणि पुन्हा मांडीवर पडला. शशिकलाबाई दाराबाहेर उभ्या होत्या.  ढिल्लोंसाहेब पाने-हातोडी गोळा करायच्या निमित्तानं बाजूला झाले.

बऱ्याच वेळानं श्यामकांतरावांनी किल्ली काढली, आणि ती बायकोच्या हातात दिली.

"बघ... चालवून," ते म्हणाले.

त्या त्यांना उतरायला हात द्यायला गेल्या, पण त्यांनी काठी मागितली. बॉनेटला धरत, एक पाय ओढत ते गाडीला वळसा घालून पलीकडे गेले. डावीकडचं पुढचं दार उघडलं आणि आत बसले. पट्टा डाव्या हातानं ओढला, पण खालचा खटका धरून ठेवायला उजवा हात काही उठेना. स्टिअरिंगवर येऊन बसलेल्या शशिकलाबाईंनी झटकन पुढे न होता थोडी वाट पाहिली. श्यामकांतरावांनी पट्ट्याचं टोक त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी ते घेऊन खटक्यात बसवलं आणि गाडी सुरू केली.

"हळू," श्यामकांतराव म्हणाले.