सोनकिड्याचा डोळा

"काका, किड्याचं लगीन लागलं असंल तर या आता. वीस मिनटं राह्यलीत!"

एसटीच्या दारातून कंडक्टर अंकिताने हाक मारली. गाडीमागच्या झुडपात ड्रायव्हर सयाजी गुडघ्यावर कोपर रोवून बसला होता. डोळ्याला कॅमेरा, कॅमेऱ्याला उलटी बसवलेली जुनी लेन्स आणि लेन्सपासून चार बोटांवर, पानावर, ढालकिडा. सयाजीने श्वास सोडला, थांबला, बटण दाबले.

"आलो गो."

कॅमेऱ्याच्या पडद्यावर हिरवा डाग.

पुन्हा दाबले. हिरवा डाग.

वारा आहे, तो मनाशी म्हणाला. पान मात्र हलत नव्हते.

*

ऑगस्टमधला फोटो: उडी मारणाऱ्या कोळ्याचे पुढचे दोन मोठे डोळे आणि दोन्हींत सयाजीच्या टोपीचे प्रतिबिंब. अंकिताने तो सगळ्यांना पाठवला होता.

सप्टेंबर: चतुराचा पंख. जाळी अर्धीच दिसते. दोष पावसाळी उजेडाचा.

ऑक्टोबर: मुंगी. ती मुंगी आहे हे फक्त सयाजीला माहीत. दोष लेन्सचा. लेन्स पुसली. पुन्हा पुसली.

एवढ्या जवळून टिपताना सुईच्या टोकाइतकाच भाग स्वच्छ येतो. हात केसभर हलला की किडा गेला. हे सयाजीला पक्के ठाऊक होते, आणि म्हणूनच तीन महिने तो हात सोडून सगळ्याला दोष देत होता.

काल कशेडीचा जुना घाट उतरताना दुसरा गिअर हुकला. गाडी वळणात नको तेवढी पुढे धावली. मग गिअर पडला. मागे कुणाला काही कळले नाही.

*

गाडीत चढला तर समोरच्या काचेखाली सोनकिडा पडलेला. मेलेला, पण रंग जिवंत. हिरवा, कडेला तांबूस.

हा हलणार नाही.

सयाजीने दार ओढून घेतले, खिडकी बंद केली. इंजिन बंदच होते. सकाळचे ऊन नेमके किड्याच्या डोळ्यावर पडले होते. त्याने दोन्ही कोपरे स्टिअरिंगवर टेकवली, श्वास सोडला.

एक. दोन. सात फोटो काढले. सातही हललेले.

लेन्स धरणारा हात डावा. गिअर टाकणाराही डावाच.

त्याने डाव्या हाताने पाण्याची बाटली उचलून समोर धरली. आतले पाणी स्वस्थ बसेना.

*

बेल वाजली. सोळा माणसे चढून बसली होती. खाली जुन्या घाटाची वळणे. मोठ्या गाड्या आता बोगद्यातून जातात, वाडीच्या गाडीला मात्र हाच रस्ता.

"काका, बेल दिली ना!"

"मी गाडी खाली नेत नाय, अंकिता."

"म्हंजे?"

सयाजीने पुन्हा बाटली समोर धरली. अंकिताने पाण्याकडे पाहिले, मग मागे वळून पाहिले, आणि आवाज खाली आणला.

"गिअर अडकतोय सांगा. मेकॅनिक येईल, बघंल, जाईल. तुम्ही आठ दिस रजा टाका. रिटायर व्हायला सात महिनं राह्यलेत तुमचे. एकदा हाताचं बोललात तर परत सीटवर बसू देनार नाय कोन."

ती त्याच्या भल्याचेच बोलत होती. गाडीवर ढकलले की गाडी काही उलटून बोलत नाही. पण आठ दिवसांनी तो पुन्हा इथेच येऊन बसला असता. हात बरा वाटतोय म्हणून बसला असता. हेही सयाजीला ठाऊक होते.

"ओ अंकल," मागून रितेश उठला. दिवाळीला आलेला, आज मुंबईला परत चाललेला. "साडेनऊची गाडी हाय माझी पोलादपूरवरनं. प्रॉब्लेम क्या है?"

"किडं टिपायला हात चालतो ह्येचा," दुसऱ्याच बाकावर टोपलीत केळफुलं घेऊन, कान देऊन बसलेली सुंदराबाई म्हणाली, "आनि मानसं न्यायची म्हनलं का दुखाय लागतो."

दोघेतिघे हसले.

सयाजी उठला. सीटमागच्या दांडीला पाठ टेकवून, माणसांकडे तोंड करून उभा राहिला आणि डेपोत फोन लावला.

"सायेब, सयाजी बोलतोय, वाडीवरनं. दुसरा ड्रायव्हर पाठवा. नाय, गाडीला काय झालं नाय. गाडी बेस हाय. माझा हात थरथरतो." तो थांबून ऐकत राहिला. "आजचं नाय, सायेब. तीन महिनं झालं. हां, तीन. तसंच लिवून घ्या."

अंकिताने तिकिटाचे मशीन उगाचच चालू-बंद केले. रितेश खाली बसला.

*

तासाभराने दुसरा ड्रायव्हर मंगेश मोटरसायकलवर आला. पस्तिशीचा, बुटका.

"दादा, मी उगा धावत आलो. हळूहळू उतरवली असती की तुम्ही," तो म्हणाला.

"उतरली असती," सयाजी म्हणाला. "काल बी उतरली."

मंगेशने सीट पुढे ओढली. मग आणखी एकदा ओढली. आरसा खाली वळवला. सयाजी पिशवी घेऊन मधल्या वाटेत आला. बाके रिकामी होती, तरी त्याला कुठे बसावे ते कळेना.

सुंदराबाईने टोपली मांडीवर घेतली आणि आत सरकली.

"हितं बस."

पहिले वळण आले. सयाजीने डाव्या हाताने पुढच्या बाकाची दांडी धरली. दांडी ढिली होती. गाडीच्या धक्क्यांत मिसळेना अशी तिची वेगळीच, बारीक खडखड सुरू झाली. सुंदराबाईने दांडीकडे पाहिले. मग खिडकीबाहेर पाहू लागली.

सयाजीने हात तिथेच राहू दिला.