आधी पाय, मग दिवा

जळकोटच्या बाजारतळावर त्या दिवशी बाजार नव्हता, तरी पाय ठेवायला जागा उरली नव्हती. मधोमध सहकारी संघाचा पाण्याचा टँकर उभा होता. उभा कसला, ओढून आणून ठेवलेला. त्याची डावी बाजू पार आत गेली होती आणि उजव्या बाजूला ओरखडाही नव्हता. बायका रांगेनं येऊन उजव्या दाराला हळदीकुंकू लावत होत्या. शहाऐंशीचा उन्हाळा, विहिरींनी तळ गाठलेला. ज्या टँकरमागं घागरी घेऊन पळायचं, त्यालाच आता हात जोडायचे, एवढाच फरक पडला होता. डाव्या बाजूला कुणी फिरकत नव्हतं.

समोर मांडव होता आणि मांडवात खुर्चीवर चालकेश्वर महाराज. शेजारी उत्तरेश्वर, त्या टँकरचा ड्रायव्हर, गळ्यात झेंडूचा हार घालून बसला होता. अपघाताला दहा दिवस झाले होते. दहा दिवसांत तो हसला नव्हता की रडला नव्हता. हाराचा दोरा मानेला टोचतोय, एवढंच त्याला कळत होतं.

"ब्रेक माणसाचा, दिवा देवाचा," महाराज सांगत होते. "कंपनीचा ब्रेक झिजतो, माझा दिवा झिजत न्हाय. माणसाच्या डोळ्याला झापड येते, दिव्याला येत न्हाय. दिवा लागला की पाय दाबायचा. न्हाय लागला तर खुशाल गाडी सोडायची."

महाराज चार महिन्यांपूर्वी आले. कुठून आले हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. आपल्याकडे दुधाचा भाव दहादा विचारतात, महाराजांचं गाव एकदाही विचारत नाहीत. त्यांच्यापाशी तांब्याच्या डब्या होत्या, लाखेनं बंद केलेल्या, वर लाल काच. स्टेअरिंगपुढं डबी बसवली की धोक्याआधी काच उजळायची. म्हैस आडवी आली, दिवा लागला. तुळजापूरच्या घाटात उतार आला, दिवा लागला. ड्रायव्हर मंडळी तुळजाभवानीची शपथ घेऊन सांगायची, आणि खोटं कुणीच बोलत नव्हतं. गंमत तिथंच होती.

उत्तरेश्वर वीस वर्षांचा जुना ड्रायव्हर. त्याचा पाय ब्रेकवर आपसूक जायचा. पण डबी बसली आणि त्याची नजर रस्त्यावरून डबीवर गेली. टँकरवर पाइप धरायला बलभीम असायचा, गाडीत त्याच्या डाव्या हाताला बसायचा. तो बौद्धवाड्यातला, हसरा, डबीपुढं हात न जोडणारा. "अण्णा, रस्ता पुढं हाय, डबीत न्हाय," असं तो रोज म्हणायचा आणि उत्तरेश्वर रोज हसून सोडून द्यायचा.

अपघाताच्या दुपारी मुरूम गावाच्या बाजूला सरळसोट रस्त्यावर एक ट्रक पंक्चर होऊन उभा होता. टँकर त्याच्यावर आदळला आणि नाक खाली करून नाल्यात गेला. लोक धावले तेव्हा काच फुटलेली, पत्रा चेपलेला, बलभीम गेलेला, आणि डबीतला दिवा लखलखीत जळत होता. झालं, एवढं पुरलं. दिव्यानं ड्रायव्हरला राखलं, अशी बोंब सात गावं फिरली. आणि बलभीम? त्यालाही महाराजांकडे उत्तर होतं. त्यानं दिव्याला हात जोडले नव्हते.

संघाचे चेअरमन नानासाहेब उठले. "आजपासून आपल्या सगळ्या टँकरांवर ही डबी बसंल. उत्तरेश्वर, तू दोन शब्द बोल. दिव्यानं कसं वाचवलं ते सांग."

उत्तरेश्वरनं एवढंच सांगायचं होतं. तेवढं सांगितलं की दोष मेलेल्या माणसाच्या डोक्यावर जाणार होता आणि त्याची नोकरी, अब्रू, झोप सगळं शाबूत राहणार होतं. तो उठला.

त्याला सकाळ आठवत होती. बलभीमची थोरली बहीण तारामती, गावच्या शाळेत विज्ञान शिकवणारी, त्याच्या दारात येऊन उभी राहिली होती. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. म्हणाली, "अण्णा, एकच विचारते. दिवा कधी लागला? आदळायच्या आधी का नंतर?"

तो दारातून बाजूला झाला होता, पण ती आत आली नव्हती.

"आणि म्हैस आडवी आली तेव्हा? आधी दिवा लागला, का आधी तुमचा पाय गेला? नीट आठवा," असं म्हणून ती निघून गेली होती.

तेव्हापासून तो आठवतच होता. आत्ता, हार गळ्यात असताना, ते एकदम समोर आलं. म्हशीच्या वेळी पाय आधी गेला होता. प्रत्येक वेळी पाय आधी गेला होता.

मागच्या रांगेत तारामती सायकल धरून उभी होती. उत्तरेश्वरनं हार काढून खुर्चीवर ठेवला, महाराजांपुढं ताटात मांडलेल्या डब्यांतली एक उचलली आणि तिच्याकडे चालू लागला.

"अरे, डबीला असा हात लावू न्हाय," महाराज म्हणाले.

"उघडत न्हाय, महाराज. निस्ती बांधतो."

ज्याला दिव्यानं राखलं त्याला अडवणार कोण? त्यानं डबी सायकलच्या हँडलला सुतळीनं आवळली. मोकळ्या जागेत वेगात सायकल काढली आणि गचकन ब्रेक दाबला. लाल काच उजळली. बायकांनी हात जोडले.

"धोका कुठाय?" उत्तरेश्वरनं विचारलं. समोर नुसतं मोकळं मैदान होतं. त्यानं पुन्हा सायकल पळवली, पुन्हा ब्रेक दाबला, पुन्हा दिवा. तिसऱ्यांदा तो लांबवर गेला, वळला, आणि थेट महाराजांच्या खुर्चीवर सायकल सोडली. ब्रेकला बोट लावलं नाही. काच काळीच राहिली. सायकल चार हातांवर आली तसे महाराज धोतर सावरत खुर्चीवरून उडाले आणि नानासाहेबांच्या अंगावर पडले. सायकल खुर्चीवर आदळली, आणि मग दिवा लागला.

"महाराज," उत्तरेश्वर धुळीतून उठत म्हणाला, "दिवा लागला नव्हता. मग तुमी का पळाला?"

पहिल्यांदा कुणीतरी खुदकन हसलं. मग मैदान हसलं. उत्तरेश्वर हसला नाही. महाराज काहीतरी कोपाचं बोलले, पण पडलेल्या माणसाच्या कोपाला वजन नसतं.

तारामती पुढं आली. तिनं लाख फोडून डबी उघडली आणि नानासाहेबांपुढं धरली. दोन सेल, एक बारका बल्ब, उतरती पत्र्याची पन्हाळी आणि तिच्यात बेअरिंगमधली लोखंडी गोळी.

"गाडी चालते तेव्हा गोळी मागं बसते," ती म्हणाली. "ब्रेक दाबला की गोळी पुढं सरकते, ह्या दोन खिळ्यांना टेकते आणि बल्ब लागतो. गाडी उताराला लागली तरी तेच, आदळली तरी तेच. टँकर नाल्यात नाक खाली करून पडला होता, म्हणून दिवा जळतच राहिला. ह्याला धोका कळत नाही. ब्रेक मारलेला कळतो."

"मग सगळे ड्रायव्हर सांगत व्हते ते?" नानासाहेबांनी विचारलं.

"आमचं उलटं झालं व्हतं, साहेब," उत्तरेश्वर म्हणाला. "आधी पाय, मग दिवा, असं व्हायचं. आमी समजायचो आधी दिवा, मग पाय. मग मी पाय दाबायचा सोडून दिव्याची वाट बघाय लागलो. म्या दाबल्याबिगर त्यो लागणार कसा?"

तिथं थांबता आलं असतं. गुन्हेगार सापडला होता, तो मांडवामागून सटकायच्या बेतात होता आणि पोरांनी त्याला धरलंही होतं. पण उत्तरेश्वर तारामतीकडे वळला.

"ताई, ट्रक मला दिसला व्हता. लांबनं दिसला व्हता. बलभीम वरडला, अण्णा, ब्रेक. आन् म्या दिव्याकडं बघितलं."

तारामतीनं डबीचं झाकण लावलं. तिला त्याला माफ करता आलं नाही. का करावं तिनं? ती एवढंच म्हणाली, "हे रोज सांगा, अण्णा. प्रत्येक ड्रायव्हरला."

महाराजांना पोरांनी पोलिसांकडे नेलं. उत्तरेश्वरही आपल्या पायांनी गेला आणि जे बोलला होता तेच लिहून दिलं. टँकर त्याच्या हातात पुन्हा आला नाही. पुढं संघानं नव्या गाड्या आणल्या, चांगल्या ब्रेकच्या, खऱ्याखुऱ्या कारखान्यात बनलेल्या. "आता चिंता न्हाय," असं ड्रायव्हर म्हणू लागले. वाचकहो, डबीत गोळी असो की गाडीत उत्तमातलं उत्तम यंत्र असो, ते तुमच्या डोळ्यांच्या मदतीला आहे, डोळ्यांच्या जागी नाही. आपलं बघणं आणि विचार करणं दुसऱ्या कशाला सोपवून माणूस मोकळा झाला की तिथं बुवाची खुर्ची मांडली जाते.

उत्तरेश्वर रोज सकाळी संघाच्या फाटकावर उभा राहायचा. सुटणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दाराशी जाऊन, चेहऱ्यावर काही न उमटू देता, तेच सांगायचा. "गाडी नवी असू दे, ब्रेक नवा असू दे. शेजारचा वरडला, तर आधी पाय दाबायचा. का वरडला ते मागनं इचारायचं."