शालूला घास

कल्याणच्या हॉटेलात त्या दुपारी जे झालं, त्याबद्दल लोक मला विचारतात, जरा जास्तच झालं नाही का सुमती? नाही. मला तर अजून वाटतं, विश्राम थोडक्यात सुटला.

विश्राम माझा नवरा. आम्ही ठाण्याला वर्तकनगरमध्ये राहतो. मी बँकेतून रिटायर झाले तेव्हा त्याने जाहीर केलं, आपण दोन दिवस निवांत कुठेतरी जायचं. मी मनाने महाबळेश्वरला पोचलेसुद्धा. निघालं कल्याण! खाडीजवळच्या एका जुन्या व्यापारी पेढीचं म्हणे आता हॉटेल केलंय. मोजक्या खोल्या, सागवानी जिने, छपरी पलंग. "जवळ पडतं गं," तो म्हणाला. ऑफिसात कूपन मिळालं होतं म्हणे त्याला. फुकटचं काही सोडणं विश्रामच्या रक्तात नाही.

खरं सांगते, हॉटेल मला आवडलं. सकाळी पोचल्यावर एका बाईंनी डोक्याला कोमट तेल लावून दिलं आणि व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत माझा डोळा लागला. किती वर्षांनी डोक्यात कुकरच्या शिट्ट्या नव्हत्या. विश्राम मात्र अस्वस्थ होता. मालकीणबाई कुठे आहेत, असं त्याने दोनदा विचारलं. त्या गावाला गेल्यात म्हटल्यावर त्याची कळी खुलली.

पण त्या दुपारी परत आल्या. गोदूबाई त्यांचं नाव. नऊवारी, ठसठशीत कुंकू, आवाज खणखणीत. अंगणात केळीच्या पानांवर आम्ही चार-पाच जोडपी जेवायला बसलो होतो. पुरणपोळीची परात घेऊन त्या मध्ये उभ्या राहिल्या आणि त्यांनी घरचा नियम सांगितला. प्रत्येक जोडप्याने उखाण्यात एकमेकांचं नाव घ्यायचं आणि घास भरवायचा. नाव नाही, तर पोळी नाही.

आमची पाळी आली तेव्हा विश्राम मान खाली घालून वरणभात कालवत होता. सगळ्यांनी आग्रह केला तसा तो पुटपुटला:

"आकाशात चांदणं, अंगणात जाई,
सुमतीला घास देतो, करू नका घाई."

माझे डोळे भरून आले. आमच्या लग्नात त्याने घेतलेला उखाणा होता तो. स्वतः जुळवला म्हणून माझी आई येईल त्या पाहुण्याला कौतुकाने ऐकवायची.

"अय्या, तुम्ही होय!" गोदूबाई म्हणाल्या. "हा उखाणा चांगला लक्षात आहे माझ्या. पण दिवाळीनंतर आला होतात तेव्हा शालूला घास दिला होतात की!"

बोलून गेल्या आणि माझ्याकडे बघून त्यांनी जीभ चावली.

"शालू म्हणजे साडी हो," विश्राम घाईघाईने म्हणाला. "उखाण्यात साडी असतेच."

"अहो, साडीला घास भरवलात?" मी विचारलं.

अख्खी पंगत हसली. मीही हसले, पण अंगाची नुसती लाही लाही होत होती. शालू माझी मावसबहीण. डोंबिवलीत राहते. तिच्या फ्लॅटचा ताबा लांबला तेव्हा पावसाळाभर आमच्याकडे होती. रोज सकाळी तिचा डबा मी भरून द्यायचे, वर पोळ्यांना तूप लावून. कल्याण जवळ कुणाला पडतं आणि कूपन कुठून आलं, ते मला आता कळलं. पुन्हा या, म्हणून हॉटेलवाल्यांनीच दिलं असणार.

लपूनछपून भेटणं, खोटं बोलणं, याचा राग होताच. पण माझा उखाणा? त्या बाईसाठी निदान चार नवे शब्द तरी जुळवायचे. नुसतं नाव बदललं आणि काम भागवलं. त्यातही कंजुषी!

"सुमती, आत्ता नको," तो कुजबुजला. "घरी बोलू."

घरी काय झालं असतं ते मला पाठ होतं. तो रडला असता. त्याचं बीपी वाढलं असतं. नणंद समजूत घालायला आली असती. आणि गणपतीत शालू पुन्हा माझ्या स्वयंपाकघरात मोदक वळत बसली असती. ही साडी मी आज हसून मान्य केली असती, तर जन्मभर तीच नेसत राहिले असते.

"चला, पुढच्यांचं घेऊ या," गोदूबाई सावरायला बघत होत्या.

"थांबा," मी म्हटलं. "माझं नाव घ्यायचं राहिलंय."

मी पदर सारखा केला, आवाज चढवला आणि म्हटलं:

"तांब्याच्या घंगाळात पाणी, वर गुलाबाच्या पाकळ्या,
शालू लखलाभ विश्रामरावांना, आजपासून खोल्या वेगळ्या."

समोरच्या नव्या नवरीने टाळी वाजवली. तिच्या नवऱ्याने पटकन तिचा हात धरला.

"अगं, लोक बघतायत," विश्राम म्हणाला.

"बघू दे. अरे विश्राम, ऊठ. तुझी बॅग घे आणि नीघ."

लग्न झाल्यापासून कडाक्याच्या भांडणातही मी त्याला अहोच म्हणत आले होते. सासूबाईंची तशी शिस्तच होती. ते अरे तोंडातून निघालं आणि इतकं बरं वाटलं की मी लगेच दुसऱ्यांदा म्हटलं, "ऊठ ना रे."

थोबाडीत बसल्यासारखा तो बघत राहिला. मग उठला. मांडी घालून पायाला मुंग्या आल्या होत्या, म्हणून खांब धरून लंगडत जिना चढला. मला दया आली नाही. उलट जिना आणखी उंच हवा होता असं वाटलं. तो बॅग घेऊन बाहेर पडेपर्यंत मी जागची हलले नाही.

मग तिथेच, पंगतीत बसून, शालूला फोन लावला.

"ताई! आवडलं का हॉटेल?" ती म्हणाली. मी तिला हॉटेलचं अवाक्षर सांगितलं नव्हतं.

"छान आहे. तुला माहीतच आहे. ऐक, विश्राम बॅग घेऊन निघालाय. तुझ्याकडेच येईल."

ती चाचरत म्हणाली, "ताई, भावजी काय म्हणाले तुला?"

"भावजी म्हणू नकोस गं त्याला आता," मी म्हटलं. "अहो म्हण. मी सोडलंय ते."