भाट्याच्या चिखलातली एक पेशी

मृणाली रत्नागिरीच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. भाट्याच्या खाडीतल्या चिखलात एक अनोळखी जिवाणू आहे, याची तिला चार वर्षं खात्री होती. त्याच्या डीएनएचे तुकडे सापडत, पण प्रयोगशाळेतल्या बशीत तो काही केल्या वाढत नव्हता. शेवटी तिनं ठरवलं, वाढवायच्या भानगडीत पडायचंच नाही. चिखलातून एकेक पेशी वेगळी काढायची आणि त्या एकाच पेशीतला डीएनए वाचायचा.

चिखलात पाय कुठे टाकावा हे मथुराकाकीला ठाऊक होतं. शेजारची ही काकी चाळीस वर्षं ओहोटीला शिंपल्यांतली कालवं काढत आली होती. दोघींनी मिळून नळ्या भरल्या, मृणालीनं त्या बर्फात घालून पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पाठवल्या.

दीड महिन्यानं निकाल आला. सापडले ते माणसाच्या कातडीवरचे जिवाणू. एका पेशीतला डीएनए कोट्यवधी पटींनी वाढवावा लागतो; बाहेरचं काही शिरलं तर तेही तसंच वाढतं.

मृणाली काकीकडे गेली. "नळ्यांना कुणाचा तरी हात लागलाय," ती म्हणाली.

कालवं फोडणारी काकी थांबली. "तोंडाशी चिखल होता गो. मी पदरानं आतून पुसला. घाण वस्तू कशी पाठवायची?"

काकीचा चेहरा पार उतरला होता.

"मी तुला सांगायला हवं होतं, काकी. माझंच चुकलं."

"अमावास्येला पाणी लांब जातं," काकी हळूच म्हणाली. "तेव्हा परत जाऊ."

या खेपेला काकीनं हातमोजे घातले, पदर कमरेला खोचला आणि ती नळीला हात न लावता बर्फाची पेटी धरून उभी राहिली.

पुण्यात वेगळ्या काढलेल्या शहाण्णव पेशींपैकी नऊ वाचता आल्या. त्यातली एक मृणाली शोधत होती त्या जिवाणूची. जनुकं निम्मीच मिळाली, पण त्यात एक धागा दिसला: एक जीवनसत्त्व या जिवाणूला स्वतः बनवता येत नसावं. ते तो शेजारच्या जिवाणूंकडून घेत असणार.

"म्हणून बशीत एकटा जगत नव्हता," तिनं काकीला समजावलं.

"म्हणजे चार वर्षं त्याला उपाशी ठेवलंस."

मृणाली हसली आणि हसताहसता तिचे डोळे भरून आले. काकीनं तिला पाणी दिलं.

दुसऱ्याच दिवशी तिनं बशीत ते जीवनसत्त्व घातलं. अजून काही उगवलेलं नाही. काकी अधूनमधून फोन करून विचारते, "जेवला काय तो?"