यंत्राची कॉफीची सुट्टी

आमच्या मासळीच्या कारखान्यात मी एकेचाळीस वर्षं कॉडच्या फाकींमधले काटे काढले. माझ्या बोटांतून सुटलेला काटा अख्ख्या आइसलँडात कुणाच्या घशात अडकला असेल, तर त्यानं समोर यावं. शाळेत मी जेमतेम गेले, पण युनियनच्या करारावर बायकांच्या वतीनं सही माझी आहे आणि त्यातली निम्मी कलमं मीच भांडून घातलेली आहेत.

मग काटे काढणारं यंत्र आलं. ते मासा आरपार बघतं आणि पाण्याच्या धारेनं काटा उडवतं. पगार तोच ठेवून आमचा आठवडा पाचावरून चार दिवसांवर आला. आम्ही खूश, गरम पाण्याच्या तलावात डुंबत बसलो. पुढं यंत्राला आणखी एक हात बसवला आणि आठवडा दोन दिवसांचा झाला. आता डुंबून तरी किती डुंबायचं? स्वेटर विणायला घेतले. गावातली माणसं संपली, कुत्री संपली, शेवटी आमच्यातल्या थोरदीसनं एक स्वेटर मेंढीला चढवला. मेंढीनं आमच्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली.

यंदा वसंतात केटिल कॉफीच्या खोलीत आला. हा आमचा मॅनेजर, माझ्या बहिणीचा मुलगा. याचे लंगोट मी बदललेत.

"मावशी, आनंदाची बातमी! पुढल्या महिन्यापासून आठवडा शून्य तासांचा. पगार चालू."

"आणि ही खोली?"

"आता काम नाही तर कॉफीची सुट्टी कसली? आणि सुट्टी नाही तर खोली कशाला? मालक म्हणतायत, इथं बर्फाचे टब ठेवू."

अकरा जणींच्या हातातले कप जागच्या जागी थांबले. या खोलीत तीन लग्नं जमली, पाच मोडली, एक सरपंच पडला. थोरदीसला घरी बोलायला फक्त नवरा आहे, आणि तो बोलत नाही. पगार घेऊन ती कुणाशी बोलणार?

"केटिल, करार आण," मी म्हटलं.

आणला. चष्मा पुसून मी बोट ठेवलं. 'मासळीच्या सरकत्या पट्ट्यावर कामाला जो उभा राहील त्याला दिवसातून तीनदा कॉफीची सुट्टी मिळेल. तो सुट्टीवर असताना त्याच्या जागी दुसऱ्यानं काम करायचं.'

"पट्ट्यावर कोण उभं असतं रे?"

"यंत्र."

"मग त्याला सुट्टी दे. त्याच्या जागी आम्ही उभ्या राहतो. म्हणजे आम्हाला काम आलं. आणि काम आलं की सुट्टी आलीच."

"मावशी, यंत्र कॉफी पीत नाही!"

"थोरदीसही पीत नाही, दूध पिते. तिची सुट्टी कधी कापलीस?"

मालकांनी राजधानीतून कामगार खात्याचा माणूस बोलावला. काटकुळा, टाय लावलेला. त्यानं करार दोनदा वाचला, आमच्या तळलेल्या गोड क्लाइनर दोन कॉफीत बुडवून खाल्ल्या आणि म्हणाला, "बाईंचं बरोबर आहे." केटिलचा चेहरा उतरला. तेवढ्यात त्या माणसानं पान उलटलं. "पण इथं लिहिलंय, पट्ट्यापाशी घेतलेली सुट्टी धरली जाणार नाही. ती खोलीतच घेतली पाहिजे. हे कुणी घातलं?"

मीच. जुना मॅनेजर आम्हाला उभ्या उभ्या कॉफी पाजायचा, म्हणून.

"मग यंत्र खोलीत न्यावं लागेल," तो म्हणाला. "नाहीतर सुट्टी नाही."

"नेऊ," मी म्हटलं.

दार काढलं, अर्धी भिंत पाडली, यंत्राला चाकं लावली. आता सकाळी आम्ही अकरा जणी त्याला पट्ट्यावरून सोडवून ढकलत खोलीत नेतो. त्यात पाऊण तास जातो. पुढ्यात कप ठेवतो, कलमात कॉफी लिहिलीय म्हणून. मग वीस मिनिटं आम्ही काटे काढतो आणि पुन्हा पाऊण तास त्याला बाहेर ढकलतो. त्यानंतर आमची सुट्टी. असं तीनदा. संध्याकाळी पाठ धरते, बोटं गारठतात, आणि शनिवारीही यावं लागतं. स्वेटर विणायला कुणाला वेळ नाही. खोली मात्र आमचीच आहे, आणि तिथं परवा चौथं लग्न जमलं.

काल केटिल पुन्हा आला, टोपी हातात घेऊन.

"मावशी, तुमचे तास फार व्हायला लागलेत. आठवडा कमी करायला हवा. यंत्र ढकलणारं एक यंत्र मिळतं म्हणे."

"आण की," मी म्हटलं. "पण ते कुठं बसून कॉफी घेणार, ते आधी सांग. या खोलीत आता जागा नाही."

तो फूटपट्टी आणायला गेला.