छावणीतले काळ्या बिअरचे पिंप

मित्रांनो, मी एक जुने पिंप आहे. अर्धे कापलेले आहे, म्हणून माझी कीव करू नका. कीव मला कधीच मानवली नाही.

इंग्लंडात जेबेझ नावाच्या कारागिराने ओकच्या फळ्या जाळावर वाकवून आणि लोखंडी कड्या ठोकून मला घडवले. पोटात काळी बिअर भरून मी जहाजात चढले. वादळात शेजारची पिंपे फुटली, पण मी थेंबही सांडू दिला नाही. पुढे बैलगाडीने मी बेळ्ळारीच्या छावणीत पोचले.

उन्हाने भाजलेले गोरे शिपाई संध्याकाळच्या बिअरकडे डोळे लावून बसत. पण कँटीनचा सार्जंट प्रॉसर माझ्यातली बिअर चोरून बाहेर विके आणि तेवढेच विहिरीचे पाणी माझ्यात ओती. शिपाई एक घोट घेत आणि "पिंपच नासकं आहे" म्हणत मला लाथ मारत. चोर सोडून संन्याशाला फाशी! माझा नुसता संताप व्हायचा.

त्याच सुमारास केझिया ट्रँटरचा शिपाई नवरा तापाने गेला. मागे ती आणि लहान मुलगी उरली. पलटणीचा नियम असा, की विधवेने ठरलेल्या मुदतीत पलटणीतल्याच कुणाशी लग्न करायचे. नाहीतर शिधा बंद, बराकीतली जागाही बंद. कबरीची माती ओली असतानाच प्रॉसरने मागणी घातली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्याने तिला कँटीनमध्येच बोलावले, चारचौघांत मिरवायला.

"काय गं, ठरलं ना? माझ्याकडे खाऊनपिऊन सुखी राहशील."

"खाण्याचं माहीत नाही, सार्जंटसाहेब. पिण्याचं मात्र रोज बघते," केझिया म्हणाली. "मी विहिरीवरच कपडे धुते ना! दुपारी बादल्या भरभरून या पिंपात कोण ओततं? शिध्यापायी इतके दिवस गप्प बसले. पण या पोरांच्या तोंडचं पळवणारा माझ्या पोरीच्या ताटात काय वाढणार?"

"तोंड सांभाळ. उद्यापासून उपाशी मरशील."

"मरेन नाहीतर जगेन, तुमच्या घरात नाही. आणि पोरांनो, पिंपाला नावं ठेवू नका रे. त्यातून विलायतेहून आलं ते चोखच होतं."

त्या दिवशी मी भरून पावले. साहेबांनी चौकशी केली आणि प्रॉसरच्या कमरेच्या कँटीनच्या किल्ल्या काढून घेतल्या. पण केझियाचा शिधाही तुटला. नियमाला तिची दया आली नाही. छावणीबाहेर तिने झोपडी बांधली, मला मागून घेतले आणि अर्धे कापून कपडे धुवायला ठेवले. त्याच शिपायांचे सदरे आम्ही दोघींनी वर्षानुवर्षे धुतले आणि मुलगी वाढवली. लग्नाच्या मागण्या येतच राहिल्या. ती एवढेच म्हणे, "मळके कपडे असतील तर ठेवा, नाहीतर वाटेला लागा."

मित्रांनो, एखादी वस्तू बिघडली असे वाटले, तर लाथ उचलण्याआधी ती कुणाच्या ताब्यात आहे ते बघा. माझ्यासारख्या जुन्या पिंपाला सावलीत ठेवा आणि तळाशी थोडे पाणी राहू द्या. लाकूड कोरडे पडले की फळ्या सुटतात. हे मी हात जोडून मागत नाही. जन्मभर राबले आहे, हक्काने मागते.